तिनाचा भोंगा

१

पेटी उचलली तेव्हाच हेमचंद्रच्या हातांना कळलं. डोळ्यांना कळायला खटके उघडावे लागले. आत लाल मखमल होती, मखमलीत गिटारीच्या अंगाचा खोलगट ठसा होता, आणि गिटार नव्हती.

"आत्या!"

अंबिकाआत्या पिठाच्या हातांनी धावत आली. भाच्याच्या तोंडून असा आवाज तिने एकदाच ऐकला होता, त्याची आई गेली त्या दिवशी. ती दारातच थांबली. हेमचंद्र जमिनीवर बसून त्या रिकाम्या खळग्यात तळहात फिरवत होता, जणू गिटार दिसत नसली तरी हाताला लागेल.

तो गुरुवार होता. विद्यापीठाच्या नामांतरासाठी त्या दिवशी औरंगाबादेत सकाळी मोर्चा आणि दिवसभर कडकडीत बंद होता. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, बसगाड्या डेपोत, वाळूजच्या आणि चिकलठाण्याच्या कंपन्यांना कुलपं. समर्थनगरच्या गल्लीत दुपारी सायकलची घंटीसुद्धा वाजली नव्हती.

हेमचंद्रने दीड वाजता गिटार पेटीत ठेवली होती. मग तो मित्राकडे अभ्यासाला गेला, आत्या आजारी मैत्रिणीला बघायला गेली, आणि घरात उरले फक्त दादा, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, हेमचंद्रचे वडील. ते बैठकीत पंख्याखाली झोपले होते. मागच्या खोलीचं दार बोळात उघडतं. त्याला बाहेरून नुसती कडी. तीनला आत्या परतली, साडेतीनला हेमचंद्र, आणि पेटी हलकी लागली.

"परवा कार्यक्रम आहे, आत्या," तो म्हणाला. "परवा!"

तेवढ्यात शेजारच्या आशाबाई कुंपणावरून वाकल्या. "मी म्हटलं सांगावं की नाही… तुमचा तो पुंडलिक आला होता सवादोनच्या सुमाराला. कपाळाला निळी पट्टी. आधी पुढं दार वाजवलं, मग मागच्या बोळात शिरला. जाताना काही बघितला नाही मी."

दादा उठून बसले होते. त्यांनी चष्मा लावला.

"आज सगळे पोलीस चौकाचौकांत बंदोबस्ताला आहेत," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळी साडेपाचला मी तक्रार देतो. पुंडलिक साळवे. नावासकट."

आत्याच्या हातावरचं पीठ वाळून तडकलं. पुंडलिक तिचा विद्यार्थी होता.

२

ते तिघं होते. हेमचंद्र गिटार वाजवायचा, लक्ष्मण ड्रम, आणि गायचा पुंडलिक. लक्ष्मण आणि पुंडलिक एकाच कंपनीत टेम्पररी होते, सध्या दोघंही रात्रपाळीला.

वेरूळ बघायला आलेल्या एका परदेशी पाहुण्याने जाताना एक कॅसेट मागे सोडली होती. तिच्या एका बाजूला कुणा काळ्या म्हाताऱ्याची संथ गाणी, शेतमजुरीची, रेल्वेची, सोडून गेलेल्या माणसांची. दुसऱ्या बाजूला तीच गाणी, पण कुणा तरण्या पोरांनी जड केलेली. तारा एक सूर खाली उतरवलेल्या, गिटारीचा आवाज फाटेपर्यंत चढवलेला, ड्रम म्हणजे घणाचे घाव. या तिघांना ती दुसरी बाजू लागली ती सुटलीच नाही. त्यांनी ती गाणी आणखी जड केली. पुंडलिक लहानपणापासून वस्तीतल्या जलशात गायलेला. तो इंग्रजी शब्द अर्धे चुकवायचा, पण त्यातलं दुखणं एकदाही चुकवायचा नाही.

आत्याला त्यात नवल वाटत नसे. सुट्टीच्या दिवशी टेपरेकॉर्डर खांद्याला लावून ती खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायची. एकच ओवी शेंद्र्यात ऐकली तर हलकी, करमाडला ऐकली तर जड. जी बाई दळते तिची ती ओवी. पोरांचंही तेच चाललं होतं.

शुक्रवारी सकाळी ती भीमनगरला गेली. पुंडलिक ओट्यावर बसून चहात पाव बुडवत होता. तिला बघून तो उठला, आणि तिचा चेहरा वाचून पुन्हा बसला.

"बाई, तुम्ही पण?"

"मी विचारायला आले, पुंडलिक. ठरवून नाही आले."

"गिटार गेली हे मला सकाळी पानवाल्याकडून कळलं. अन् ती मी नेली हेही त्यानंच सांगितलं." तो हसायला गेला, जमलं नाही. "गाण्याची वही तुमच्याकडं राहिली होती. मोर्चा संपला म्हणून घ्यायला आलो. पुढं कुणी दार उघडंना, म्हणून मागं गेलो. मागं बाहेरून कडी. हाक मारली अन् आलो परत."

"कडी बाहेरून होती? नीट आठव."

"होती. हातानं चाचपली मी."

आत्याने मनात एक गाठ मारली. म्हणजे चोर येऊन, कडी लावून गेला होता. किंवा अजून यायचा होता.

"बाई," पुंडलिक हळू आवाजात म्हणाला, "सोमवारी परमनंटची ऑर्डर निघायचीय. दोन वर्षं टेम्पररी काढली, दर सात महिन्याला ब्रेक खाल्ला. त्यात पोलिसात नाव गेलं की संपलं. मोर्चाची पोरं आधीच त्यांच्या डोळ्यावर हायेत." मग एकदम उसळून, "अन् मी कशाला चोरीन हो? उद्या मीच गाणार! गिटारीवाचून काय बोंबलू?"

आत्या निघाली. तिच्या पर्समध्ये कार्यक्रमाचं छापील कार्ड होतं, हेमचंद्रने परवा दिलेलं, तिने न वाचताच ठेवलेलं. रिक्षाची वाट बघताना तिने ते उघडलं.

उद्योजकांचा स्नेहमेळावा. शनिवार, सायंकाळी सहा. गिटार आणि गायन: हेमचंद्र. ड्रम: लक्ष्मण.

तिने कार्ड उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. पुंडलिकचं नाव कुठेच नव्हतं.

३

"हे काय आहे?"

हेमचंद्रने कार्डाकडे पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर नेली.

"काकासाहेबांनी सांगितलं," तो म्हणाला. काकासाहेब म्हणजे मेळाव्याचे संयोजक. "सगळे कारखानदार समोर बसणार. मोर्चातला मुलगा स्टेजवर नको, म्हणाले. फक्त उद्यापुरतं, आत्या. एकदा तिथे वाजवलं की पुण्याचं बोलावणं येणार होतं."

"आणि तू हो म्हणालास."

"मी म्हटलं, बघतो."

"कार्ड छापून झालंय, हेमू."

आत्या खाटेच्या कडेवर टेकली. या पोराला तिने घास भरवले होते. दार वाजवणाऱ्याला पाणी विचारावं हे तिनेच शिकवलं होतं.

"म्हणून तुला लगेच पुंडलिकचा संशय आला," ती म्हणाली. "आशाबाईंनी बघितलं म्हणून नाही. तुला वाटलं, त्याला कळलं आणि त्याने सूड घेतला."

"मग दुसरं कोण, आत्या? कळल्यावर कुणालाही राग येईल!"

"पण त्याला कळलेलंच नाही. आज सकाळी तो मला सांगत होता, उद्या मीच गाणार."

हेमचंद्रचं तोंड उघडं राहिलं. खरा धक्का त्याला तेव्हा बसला. चोरीचा नव्हे, स्वतःचा.

"आणखी कोणाला माहीत होतं?"

"काकासाहेबांना. मला. आणि…" तो अडखळला. "बुधवारी काकासाहेब कार्डं घेऊन आमच्या सरावाच्या शेडमध्ये आले, हेच बोलत होते, तेव्हा लक्ष्मण तिथेच होता. ड्रमच्या चाव्या ढिल्या करत. वाजवून झालं की तो नेहमी कातडं सैल करतो, ढोल सैल करतात तसं. आम्ही हसतो त्याला. तो एक शब्द बोलला नाही. पण आत्या, लक्ष्मण काल दुपारभर शेडमध्येच होता! त्याच्या काकीने ऐकलंय. मी काल संध्याकाळीच जाऊन विचारून आलो."

"माझा टेपरेकॉर्डर कुठे आहे?"

"शेडमध्ये. मंगळवारी लक्ष्मणची सुट्टी होती ना, त्याने एकट्याने ड्रम वाजवून भरून घेतला. मला घरी त्यावर सराव करता यावा म्हणून."

आत्या उठली. घड्याळात दीड वाजला होता. साडेपाचला चार तास.

४

चिकलठाण्याला कंपनीच्या लांबलचक भिंतीला टेकून सारजाबाईचं रान आहे. दोन एकर, एक बोराटी, मेंढरांचा वाडगा आणि एक पत्र्याची शेड. पूर्वी त्या शेडमध्ये मागावर घोंगड्या विणत. माग मोडला, पोरांनी जुन्या घोंगड्या चारी बाजूंनी पत्र्यावर टांगल्या आणि त्यांचा गोंगाट त्या लोकरीत कोंडला. तरी पन्नास पावलांवर ड्रमचे ठोके पोचतच.

सारजाबाई ही लक्ष्मणची चुलती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान हरणीचे. मागच्या उन्हाळ्यात आत्याने तिच्या चाळीस ओव्या भरून घेतल्या होत्या.

"या मास्तरीनबाई! बसा. लक्ष्मण हाय आत, खुडबुड करतोय."

"काल होता का, सारजाबाई?"

"व्हता की. जेवून आला, म्हनला काकी, बडवून घेतो जरा. लई बडवलं. निसतं धाड धाड. माझी कोंबडी अंड्यावरून उठली."

"मध्ये थांबला होता?"

"नाय वो. सलग. मी हितं कोकरापाशीच व्हते. भोंगा झाला तवाबी त्याचं चालूच. भोंगा झाला, मी कोकरं सोडली…" तिचा आवाज चढला आणि तो वाडग्याकडे वळला. "अन् हे बाबा मेंढरं घिऊन आलेच न्हाईत! कोकरं आयेसाठी वरडून वरडून नरडी सुकवून बसली!"

वाडग्यातून तिचा नवरा मल्हारी बाहेर आला. काठी, मुंडासं, चेहऱ्यावर कालपासून ऐकून घेतल्याचा थकवा.

"मी रोजच्याच टायमाला आलो म्हनतो ना! बोराटीची सावली पांदीला टेकली की मी मेंढरं वळवतो. कालबी तवाच वळवली. धा वर्सांत कवा उशीर केला का मी?"

"मंग भोंगा काय लवकर झाला व्हय? कंपनीवाले तुमच्यासाठी घड्याळ फिरवतेत व्हय?"

"तुझा कान फिरलाय."

"डोळं गेलं, कान न्हाय गेला माझा!"

आत्या हसली. मग तिला सारजाबाईचीच ओवी आठवली, मागच्या उन्हाळ्यात भरलेली:

भोंगा वाजला तिनाचा, भिंतीपल्याड गं बाई
सोड कोकराचं दावं, घरी आली त्याची आई

या बाईचा सगळा दिवस त्या भोंग्याला बांधलेला होता. सकाळचा सातचा, दुपारचा तिनाचा. घड्याळ घरात नव्हतं, आणि गरजही नव्हती.

त्याच वेळी भिंतीपल्याड भोंगा झाला. लांब, घोगरा, पोटातून आल्यासारखा. पहिली पाळी सुटली. सारजाबाई बोलता बोलता उठली आणि दावी सोडू लागली. पांदीच्या शेतवाटेच्या वळणावर धूळ उठली. मल्हारीच्या भावकीतला गडी मेंढरं घेऊन वेळेवर येत होता. कोकरं धावली. प्रत्येकाने शंभरांतून आपली आई नेमकी शोधली.

आत्या ते बघत होती, आणि बघता बघता तिला कालचा दिवस आठवला.

काल बंद होता. कंपनीला कुलूप होतं.

काल भोंगा झालाच नव्हता.

५

शेडमध्ये लोकरीचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास होता. लक्ष्मण ड्रमपाशी उकिडवा बसला होता. पंचविशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. आत्याला बघून तो उभा राहिला.

"बसा ना, आत्या. चहा सांगतो काकीला."

"चहा नको. मंगळवारी भरलेली कॅसेट लाव."

त्याचा हात मध्येच थांबला. "ती… खराब झाली, आत्या. टेप अडकली."

"टेपरेकॉर्डर माझा आहे, लक्ष्मण. अडकलेली टेप सोडवता येते मला."

कॅसेट आतच होती. टेपरेकॉर्डरची वायर मोठ्या स्पीकरला जोडलेली होती, तीही कोणी काढली नव्हती. आत्याने बटण दाबलं. पत्रा थरथरला. लक्ष्मणचा जड, संथ ठेका, घोंगड्यांच्या आत भरून राहिला. डोळे मिटले असते तर वाटलं असतं, तो समोर बसून वाजवतोय. पण तो समोर उभा होता, आणि त्याचे दोन्ही हात लोंबत होते.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. दोघंही हलली नाहीत. आत्याला वर्षानुवर्षांचा अनुभव होता: यंत्र फक्त ओवी धरत नाही. कोंबडं धरतं, खोकला धरतं, रडणारं मूल धरतं. भरणाऱ्याच्या कानाला जे नेहमीचं झालेलं असतं, ते सगळं धरतं.

विसाव्या मिनिटाला ठोक्यांच्या मागून तो आला. लांब, घोगरा, पोटातून.

बाहेरून सारजाबाई ओरडली, "अगं बया! आज दोनदा भोंगा कसा?"

आत्याने बटण बंद केलं. शांतता इतकी एकदम पडली की कानात दुखलं.

"पावणेदोनला लावलीस," ती म्हणाली. "एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. रस्ते मोकळे. तुझी लूना समर्थनगरला वीस मिनिटांत पोचते, वीस मिनिटांत परत येते. लूना मोठ्या रस्त्याला ठेवून बोळातून आत शिरलास, गिटार घेतलीस, कडी लावलीस. तू गेल्यावर थोड्या वेळाने पुंडलिकने तीच कडी चाचपली. आणि इकडे सवादोनच्या आतच तुझ्या काकीने तिनाचा भोंगा ऐकला आणि कोकरं सोडली. मल्हारीबाबांना उशीर झालाच नव्हता, लक्ष्मण. रात्रभर त्या माणसाने शिव्या खाल्ल्या."

लक्ष्मण कोपऱ्याकडे वळला. तिथे उरलेल्या, घड्या घातलेल्या घोंगड्यांची थप्पी होती. त्याने वरच्या चार उचलून बाजूला ठेवल्या आणि पाचवी उलगडली. आत गिटार होती. ओरखडा नाही, धूळ नाही. सहाच्या सहा तारा सैल केलेल्या.

"ताणून ठिवली तर मान वाकते," तो म्हणाला.

आत्याला रडू आलं ते त्या तारांमुळे.

"का रे?"

"का ते तुम्हाला ठावं हाय, आत्या. हेम्यानं पुंडल्याला काढलं. त्याला सांगितलंबी न्हाय. उद्या तो नवा शर्ट घालून आला असता, अन् गेटवर त्याला अडवलं असतं. मी म्हनलं, गिटारच नसली तर कार्यक्रमच व्हनार न्हाय. कुनाचाच अपमान न्हाय. हेम्या दुपारी अभ्यासाला जानार, हे ठावं व्हतं मला. दोन दिसांनी गुपचूप परत ठिवनार व्हतो."

"आणि आळ पुंडलिकवर आला तेव्हा?"

लक्ष्मणने मान खाली घातली.

"कालच कळलं. हेम्या इचारायला आला तवा. तोंड उघडलं व्हतं मी, आत्या. खरंच उघडलं व्हतं. मंग माझीबी ऑर्डर आठवली. त्याच यादीत माझं नाव हाय. तोंड मिटलं."

६

साडेचारला समर्थनगरच्या बैठकीत सगळे होते. दादांनी बाहेर जायचा शर्ट घातला होता, टेबलावर तक्रारीचा कागद होता, फाउंटन पेनने सुवाच्य लिहिलेला. आत्याच्या निरोपावरून पुंडलिक आला होता आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. बस म्हटलं तरी बसला नाही.

लक्ष्मणने उभ्याने सगळं सांगितलं. कॅसेट, लूना, घोंगडी. काहीच लपवलं नाही. मग आत्याने हेमचंद्रकडे बघितलं, आणि हेमचंद्रने खिशातून कार्ड काढून पुंडलिकच्या हातात दिलं.

पुंडलिकने ते वाचलं. एकदा वाचलं, मग बोटाने ओळ धरून पुन्हा वाचलं, पहिलीतल्या मुलासारखं.

"तू मला काढलंस," तो हेमचंद्रला म्हणाला. मग लक्ष्मणकडे वळला. "अन् तू माझ्यासाठी चोरी केलीस, अन् माझ्यावर आळ आला तरी गप्प बसलास. दोघांनी मिळून किती केलं रे माझ्यासाठी. एकानं तरी मला विचारायचं होतं."

"पुंडल्या…" लक्ष्मण म्हणाला.

"नको."

दादा खाकरले. त्यांनी चष्मा पुसला, गिटारीकडे पाहिलं. "सापडली ना. झालं तर मग. आपसातली गोष्ट आहे. पोरंच आहेत." आणि त्यांनी टेबलावरचा तक्रारीचा कागद उचलून उभा फाडला, मग आडवा फाडला. घरात हवा आल्यासारखं हेमचंद्रने श्वास सोडला.

पुंडलिक त्या फाटणाऱ्या कागदाकडे बघत होता. आत्या त्याच्याकडे बघत होती. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटत होतं ते सकाळपेक्षा वाईट होतं.

"दादा," तो अगदी नम्रपणे म्हणाला, "चोर कोण ते आता कळलं. मग कागद फाडला कशाला? नाव तेवढं बदलायचं होतं."

पंखा फिरत होता. दादांचा हात तुकड्यांवर तसाच राहिला.

पुंडलिक पुढे आला. टेबलावरच्या चार तुकड्यांतून त्याने एक वेचला, ज्याच्यावर ठळक अक्षरांत पुंडलिक साळवे लिहिलं होतं. तो त्याने घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

"एवढं माझं हाय," तो म्हणाला.

दारापाशी तो थांबला. "बाई, माझी वही."

आत्याने गाण्याची वही आणून दिली. ती फाटकापर्यंत त्याच्या मागे गेली. "पुन्हा गाशील ना रे?"

"गाईन की, बाई. गायचं कुणी थांबवलंय." त्याने वही बगलेत धरली. "कुणासंगं, ते आता मी ठरवीन."

तो गल्ली ओलांडून मोठ्या रस्त्याला लागला. आत हेमचंद्र गिटार मांडीवर घेऊन बसला होता. त्याने पहिल्या तारेची खुंटी धरली, पिळायला घेतली आणि तशीच सोडून दिली.